पाचशे तीन नंबरची नवसी

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवायचा एक कारखाना होता. त्या कारखान्यातून नवसी वरठा हिला काढायचं ठरलं तेव्हा साहेब तयार झाले, कागद तयार झाला, फाटकावरचा रखवालदारही तयार झाला. एक कम्प्युटर तेवढा तयार होईना. साल अठ्ठ्याण्णव, महिना श्रावणाचा. पण नवसी कोण हे ठाऊक नसेल तर त्या दिवसाची चव कळायची नाही. म्हणून आधी तिच्या पाड्यावर जायला हवं.

बेटेगाव मागे पडलं की डांबर संपतं आणि लाल वाट सुरू होते. त्या वाटेवर अकरा घरांचा पाडा. तिथल्या ठमीची तीन मुलं पाळण्यात असतानाच गेली. चौथ्या वेळी ती वाघोबाच्या लाकडी खांबापुढे बसली आणि म्हणाली, "ही राहिली तर तुझी म्हणून वाढवीन." ती राहिली. वारावरून नाव ठेवायची पाड्याची रीत. मंगळवारची मंगळी, बुधवारचा बुधा. पण ही नवसाची, म्हणून नवसी.

आश्रमशाळेत नाव घालताना गुरुजींनी चष्मा वर केला. "नवसी हे काय नाव? नयना लिहू. शोभून दिसेल."

सहा वर्षांची पोर उठून उभी राहिली. "मग नयनाला बसवा शालंत. मी चालली घरी."

आणि खरंच चालू लागली. ओढ्यापर्यंत पोचली तेव्हा गुरुजींनी मागून माणूस धाडला. रजिस्टरात नवसी लिहिलं गेलं. पाड्यावर ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस चुलीपाशी सांगत. ठमी मात्र म्हणायची, "हिचा देव हिला पाय देताना मागं फिरायला शिकवायचं इसरला."

दहावी दुसऱ्या खेपेला सुटली. गणितात पहिल्याच खेपेला पास होती, इंग्रजीत अडकली होती. मग कारखाना. घडी खात्यात रंगून आलेलं कापड टेबलावरून सरकायचं आणि नवसी डाग, रेघ, सुटलेला धागा हेरायची. तिची नजर अशी की दोन आकाशी तुकडे इतरांना एकच दिसत आणि ही म्हणे, "ह्यो सकाळचा, ह्यो दुपारचा." पाच वर्षं तिनं हेच केलं. सकाळी पाच किलोमीटर चालत यायचं, संध्याकाळी पाच किलोमीटर चालत जायचं, मधे कापडाची नदी बघायची.

सत्त्याण्णव साली कारखान्यात कम्प्युटर आला. रंगाचं माप ज्या खोलीत होतं तिला सगळे कलर किचन म्हणत. तिला लागून काचेची खोली केली, थंड हवेचं यंत्र बसवलं. चपला बाहेर काढायच्या. मॅनेजर कृष्णकांत सावे, किनाऱ्याकडच्या बागायतदार घरातले, शिकलेले, टापटिपीचे. ते देवळात जात नसतील इतक्या भक्तीनं त्या उंबऱ्यावर बूट काढायचे. यंत्रावर देखरेखीला रामकिसन होता. मुंबईच्या गिरणीत वीस वर्षं हजेरी कारकून, संपानंतर गिरणी बंद पडली तसा इकडे आलेला. अक्षर मोत्यासारखं आणि छातीत कायमची धाकधूक.

यंत्र मांडून द्यायला मुंबईहून एक इंजिनिअर आला. त्यानं त्यात लिनक्स नावाची प्रणाली भरली. एका मासिकाबरोबर तिची चकती फुकट मिळाली होती, असं तो सांगे. एक मोठं यंत्र आणि त्याला वायरीनं जोडलेले तीन पडदे. प्रत्येकानं आपलं नाव टाकून आत शिरायचं. रंगाची कृती, म्हणजे रेसिपी, त्यात लिहून ठेवायची आणि लॉट लागला की छापून कलर किचनमध्ये द्यायची. नवसी त्या चार दिवसांत कापडाचे नमुने घेऊन आत-बाहेर करत होती आणि पाठीमागून बघत होती. चौथ्या दिवशी इंजिनिअर निघाला तेव्हा तिनं विचारलं, "त्यो कागद मना द्याल? हुकूम लिवलेत तो."

"इंग्रजी वाचता येतं?"

"अक्षरं येतात. अर्थ मी शोधीन."

त्यानं हसून कागद दिला. हसणं विसरण्यासारखं होतं, ती विसरली. कागद ठेवला.

त्या यंत्राच्या पोटातच त्याचं पुस्तक होतं. हुकमाचं नाव देऊन विचारलं की तो हुकूम काय करतो, कसा चालतो, कुठे अडतो ते पडद्यावर येई. नवसी जेवणाच्या सुट्टीत शाळेचा जुना शब्दकोश घेऊन बसायची. रोज एक पान. एकेका ओळीला कधी आठवडा लागे. लावणीला शेत कितीही मोठं असलं तरी रोप एकेकच लावायचं असतं, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. सहा महिन्यांत साहेबांनाच दिसलं की रामकिसन जिथे घाम पुसतो तिथे ही पोरगी आकडा टाकून मोकळी होते. तिला पहिल्या पाळीची ऑपरेटर केलं. कारखान्याच्या चारशे बारा रेसिप्या तिनं एकटीनं आत भरल्या. त्या सगळ्या तिच्या नावाच्या कप्प्यात राहत. यंत्राच्या भाषेत त्या कप्प्याला घरच म्हणतात.

तिथेच तिला कळलं की यंत्र माणसाला नावानं ओळखतच नाही. आत एक फाईल असते. प्रत्येक माणसाची एक ओळ, ओळीत सात खण. पहिल्यात नाव, दुसऱ्यात पासवर्डची खूण, तिसऱ्यात नंबर, पुढे गट, पूर्ण नाव, घर आणि शेवटी कामाचं साधन. यंत्र काय ते तिसऱ्या खणातल्या नंबरला ओळखतं. फायलीवर मालक म्हणून नंबरच लिहितं. आपण विचारलं, ही फाईल कुणाची, की ते वरून खाली ओळी बघत येतं आणि तो नंबर जिथे पहिल्यांदा दिसेल तिथलं नाव सांगून मोकळं होतं. नवसीचा नंबर पाचशे तीन.

आता त्या श्रावणाकडे येऊ.

आषाढात भाताच्या आवणीसाठी, म्हणजे लावणीसाठी, नवसीनं तेरा जुलैपासून बारा दिवसांची रजा घेतली. आवणीला डोंगरातला माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे साहेबही शिकले होते. तिच्या जागी जव्हारच्या बाजूचा चिंधू नावाचा पोरगा बदली म्हणून आणला, बारावी नापास, हाताचा चपळ. नवसी परत आल्यावर त्याला दुसऱ्या पाळीत ठेवला. तिनं त्याला दोन दिवस शिकवायचं म्हटलं होतं, साहेब म्हणाले, "पडद्यावर बघून शिकेल." सत्तावीस जुलैला शाळेच्या गणवेशाचं आकाशी कापड रंगायला लागलं आणि मोरपंखी होऊन बाहेर आलं. चार हजार मीटर. रेसिपीची फाईल उघडली तर निळ्या रंगाचं माप कुणीतरी बदललेलं. वेळ दुपारी दोन पन्नास. मालकाच्या जागी नाव, नवसी.

दोन पन्नासला नवसी खुर्चीवर होती. तिची पाळी तीनला सुटते.

एकोणतीस तारखेच्या सकाळी फळ्यावर कागद लागला. ऑपरेटर नवसी वरठा हिच्या हलगर्जीपणामुळे लॉट खराब झाला, सबब तिला कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली सावेसाहेबांची सही. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शिपायानं खात्याखात्यांतून ओरडून सांगितलं.

दुपारी पाळी बदलायच्या सुमाराला साहेबांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं. कबुलीचा कागद टेबलावर होता, पेन उघडं होतं.

"सही कर आणि गेटपास ठेव."

"कशावर?"

"तुझ्या चुकीवर."

"माझी चूक असती तर सही कशाला मागितली असती, साहेब? तशीच काढली असती."

"फाईल तुझ्या नावाची. वेळ तुझ्या पाळीची. आणखी काय पुरावा हवा?"

"मी तो आकडा बदलला नाय."

"मग भुतानं बदलला?"

"भूत असंल तर त्याचं पण नाव-गाव निघंल. पण सही मी करनार नाय."

सावेसाहेबांनी पेन मिटलं. ते आवाज चढवणारे नव्हते, मिटवणारे होते. "सही राहू दे. रामकिसन, हिला यंत्रातून काढ. आत्ता, माझ्यासमोर. हिचं नाव, हिचं घर, सगळं साफ."

रामकिसन बसला. नवसीकडे न बघता त्यानं माणूस काढायचा हुकूम टाकला, त्यापुढे घरही पुसायचं अक्षर जोडलं आणि एंटर दाबलं. पडद्यावर एक ओळ आली. त्यानं पुन्हा टाकला. तीच ओळ. कपाळावर घाम आला, त्या थंड खोलीत.

"काय झालं?"

"होत नाही, साहेब."

"काय होत नाही?"

"बाई निघत नाही."

काचेबाहेर पाळी बदलायला आलेली माणसं उभी होती, त्यांच्यात कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांच्या मानेवर लाली चढली. "नुसता पासवर्ड बंद कर मग."

रामकिसननं तोही हुकूम दिला. तोही परत आला.

नवसी भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे पडद्यावर गेले आणि तिथेच राहिले. ही खोड तिची जुनीच. कापडावर डाग दिसला की बोट तिथेच जायचं, मग कापड कुणाचंही असो. ती म्हणाली, "नाय म्हनतंय तर का नाय म्हनतंय, ते वाचा की, रामकिसनभाऊ. ते उगा कुनाला नाय म्हनत नाय. कारन देतं."

"पासवर्डच्या फायलीला कुलूप लावता येत नाही, असं काहीसं आहे."

"मंग आधीच कुनीतरी कुलूप लावलेलं हाय."

"तू मधे बोलू नकोस," साहेब म्हणाले.

"बोलनार. माझीच वरात हाय, मी नको बोलू? साहेब, ते कुलूप भाऊंना सापडलं, निघालं, की हा हुकूम चालंल. आनि माझं घर पुसलं जाईल. माझ्या घरात चारशे बारा रेसिप्या हायत. समद्या जातील. भाऊंना इचारा, त्यांची नक्कल टेपवर कधी उतरवलीय."

साहेबांनी रामकिसनकडे पाहिलं. रामकिसननं कीबोर्डकडे पाहिलं. "मार्चात," तो म्हणाला.

 नवसीला ठाऊक होतं, ती गप्प राहिली असती तर संध्याकाळपर्यंत कुणाला तरी ते कुलूप सापडलं असतं आणि कारखाना आपल्या हातानं आपलं घर पुसून बसला असता. तिला दोषही लागला नसता. पण त्या रेसिप्या तिच्या होत्या. तिनं एकेक आकडा तीनदा ताडून भरलेला. आपण लावलेलं शेत, रागानं का होईना, ढोरांना मोकळं सोडायचं नाही, एवढी समज तिच्या पाड्यानं तिला दिली होती.

"बस," साहेब म्हणाले. "काय ते शोध."

"बसते. पन मी दावीन ते समद्यांनी बघायचं. दार उघडा."

"एसी चालू आहे."

"दार उघडा, साहेब. माझा कागद समद्यांनी वाचला, तर माझं उत्तर पन समद्यांना दिसू दे."

दार उघडलं. रंगाचा वास आत आला, पाठोपाठ माणसं उंबऱ्यापर्यंत आली. चिंधूही आला होता, मनोरच्या एस्टीनं लवकर पोचणारा, अंगातला शर्ट अजून इनशर्ट न केलेला. नवसी आपल्या खुर्चीवर बसली आणि आपलं नाव टाकून आत गेली, जणू कुणी तिला काढतच नव्हतं.

"ऐका," ती म्हणाली. "मानसांची फाईल, तीच ही पासवर्डची, बदलायची म्हंजे यंत्र आधी तिला कुलूप लावतं. दोन हातांनी एकदम लिवू नये म्हनून. काम झालं की स्वतःच काढतं. ह्या कुलपाची पन एक छोटी फाईल असते. ही बघा. आत काय लिवलंय? काय नाय. रिकामी. कुनी लावलं ते लिवलेलंच नाय, म्हनून यंत्र ते काढायला भितं. आनि तारीख बघा. नऊ जुलै." तिनं मान वळवली. "नऊ जुलैला काय झालं व्हतं?"

"लाइट गेली व्हती!" उंबऱ्यावरून जिगर चालवणारा दामू ओरडला. जिगर म्हणजे कापड रंगात घुसळणारं यंत्र. "फिडर उडाला! माझा अख्खा लॉट अर्ध्यात बुडून राहिला."

"भाऊ, तवा तुमी इथं काय करत व्हता?"

रामकिसन म्हणाला, "एकाचा पासवर्ड बदलत होतो. मधेच सगळं काळं झालं."

"म्हंजे कुलूप लागलं आनि काढायच्या आत यंत्रच मेलं. नऊ तारखेपासून ह्या यंत्रात कुनाला घालता येत नाय का कुनाला काढता येत नाय. बरोबर?" तिनं चिंधूकडे बोट केलं. "तर मंग तेरा तारखेला चिंधू आत आला कसा?"

 हा प्रश्न सगळ्यांना समजला होता. बंद दाराच्या घरात माणूस दिसला तर विचारायचा तोच तो प्रश्न.

"हे बघायला साहेबांची परवानगी लागत नाय," नवसी म्हणाली. "मानसांची फाईल कोनीबी वाचू शकतं, बदलू शकत नाय एवढंच." तिनं ती फाईल उघडली. ओळी एकाखाली एक आल्या. बोट पडद्यावर ठेवून ती वाचू लागली. "ही माझी वळ. नवसी. तिसरा खण, पाचशे तीन. आता हिच्या खालची. चिंधू. दुसरा खण रिकामा, म्हंजे ह्याला पासवर्डच नाय. तिसरा खण, पाचशे तीन. पूर्ण नाव, नवसी वरठा. घर, माझंच. ही वळ हुकमानं घातलेली नाय, कुलूप हुकमालाच अडवतं; फाईल हातानं उघडून माझीच वळ उचलून खाली चिकटवलीय. पासवर्डची खूण पुसली नि नाव दुसरं लिवलं." ती वळली. "चिंधू, ये इकडं. त्या पडद्यावर तुझं नाव टाक. आत शिर."

चिंधू पुढे आला. नाव टाकलं, एंटर मारलं, आत गेला.

"आता यंत्राला इचार, मी कोन. असा हुकूम हाय." तिनं तो सांगितला. चिंधूनं टाकला.

पडद्यावर एकच शब्द आला. नवसी.

उंबऱ्यावर हशा फुटला. दामू म्हणाला, "अरे चिंधू, तुझी मिशी कुठं गेली रे?"

चिंधू गोंधळून म्हणाला, "तो पयल्यापासनं मना नवसीच म्हनतं. मना वाटलं, बदलीवर हाय मी, तर तसंच असंल."

आता साहेबांनी रामकिसनकडे पाहिलं ते नुसतं पाहणं नव्हतं. रामकिसन पुढे आला. मग त्यानं जे सांगितलं ते हळू सांगितलं, पण सगळं सांगितलं. माणूस घालायचा हुकूम चालेना. पोरगा दारात उभा, लॉट खोळंबलेले. मग त्याला गिरणी आठवली. तिथं कायम कामगार आला नाही की बदली उभा राहायचा. माग त्याचाच, बिल्ला त्याचाच, हजेरीच्या रजिस्टरात ओळही त्याचीच, नाव तेवढं बदलीचं लिहायचं. वीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. "मला वाटलं, बाईंच्या जागी आलाय, तर नंबर बाईंचाच हवा. नवा नंबर देणं म्हणजे त्यांची जागा घेतल्यासारखं. मी तर त्यांची जागा राखायला गेलो, साहेब."

यात लबाडी नव्हती. नवसीला ते कळलं, आणि त्यामुळेच तिचा राग जास्त वर आला.

"जागा राखली, चांगलं केलं. पन काल-परवा तुमी इथं असून गप का व्हता, भाऊ? फायलीवर माझं नाव का येतं ते तुमाला उमगलं नव्हतं?"

"काल उमगलं." त्यानं मान खाली घातली. "पन्नाशी उलटली माझी. एकदा बंद गिरणीच्या फाटकाबाहेर उभा राहून झालंय. परत नाही जमणार."

"आनि माझ्या आईला जमलं असतं का, मी भायेर उभी राहिली असती तर?"

 तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. कोण कधी आत आलं याची यादी यंत्र वेगळी ठेवतं, आणि तिथे टाकलेलं नावच उतरतं. तिनं ती यादी काढली. सत्तावीस जुलै. पहिल्या पडद्यावर नवसी, सकाळी सातपासून. दुसऱ्या पडद्यावर चिंधू, दोन चाळीसपासून.

"दोघं व्हतो," ती म्हणाली. "एका नंबराची दोन मानसं. दोन पन्नासला कुनी हात घातला, ते ह्या यंत्राला सांगता येत नाय. मी सांगते, मी नाय घातला. पुढं तुमी ठरवा."

तेव्हा चिंधू बोलला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "मी घातला. रंगमास्तर बोलले, पुढच्या लॉटला निळा वाढव. मी उघडली तीच फाईल बदलली. आधी तिची नक्कल करायची असते, ते मना ठाव नव्हतं. काल फळ्यावर ताईचं नाव येनार ऐकलं, तवापासून भाकर गेली नाय पोटात."

साहेबांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. हिशेब सरळ झाला होता, एका नावाच्या जागी दुसरं घालायचं. "ठीक आहे. मग हा जाईल. नवसी, तू कामाला लाग. जिगर खोळंबल्यात."

"हा का जाईल?"

"आत्ताच कबूल केलं ना त्यानं."

"केलं म्हनून जाईल? जिनं कबूल केलं नाय तिला काढत व्हता, ज्यानं केलं त्याला पन काढता. मंग ऱ्हायचं कुनी, साहेब? त्याला ना नंबर दिला, ना शिकवलं. मी दोन दिस मागत व्हती. दुसऱ्याच्या नावानं आंधळा करून बसवला, आनि वाट चुकला तर त्याला शिक्षा? तो गेला तर मी पन चालली. रेसिप्या भाऊ उतरवून घेतील. मार्चापासून उतरवतच हायत ते."

दामू खोकला, पण ते हसणंच होतं. दारातली माणसं हलली नाहीत. दोन जिगर रिकाम्या फिरत होत्या, त्यांचा आवाज इथवर येत होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं, दार पाहिलं, दारातली माणसं मोजली असावीत.

"बरं. तो राहील. आता तरी लाग."

नवसीनं हात मांडीवर ठेवले. "फळ्यावरचा कागद."

"काढायला सांगतो."

"काढून चालनार नाय. दुसरा लावा. त्या फायलींवर माझं नाव ऱ्हानारच. एवढ्या दिवसांत पाचशे तीननं जे जे केलं, त्यातलं माझं कोनचं नि चिंधूचं कोनचं, हे यंत्राला आता कधीच सांगता यायचं नाय. यंत्र इसरलं, म्हनून कागदाला आठवन पायजे. तुमच्या अक्षरात."

साहेबांनी लिहिलं. गैरसमजातून लावलेली सूचना रद्द समजावी. नवसीनं वाचलं आणि परत केलं. "गैरसमज कुनाचा? असं वाटतं, माझाच झाला." त्यांनी दुसरा लिहिला. यंत्रातील तांत्रिक बिघाडामुळे. तिनं तोही परत केला. "यंत्र बिघडलं नव्हतं. ते पयल्या दिवसापासून खरं बोलत व्हतं, कुनी वाचलं नाय." तिसऱ्यात साहेबांनी लिहिलं की लॉट खराब होण्यात नवसी वरठा हिची चूक नव्हती, तिच्यावर चौकशी न करता ठपका ठेवला गेला आणि तो मी ठेवला. सही केली. तिनं तारीख घालायला लावली.

मग तिनं रामकिसनला खुर्ची दिली, कारण यंत्राचा मुख्य पासवर्ड त्याच्याकडेच होता. ती शेजारी उभी राहून सांगत गेली, त्याची बोटं टाकत गेली. आधी टेपवर सगळ्या रेसिप्या. मग ते रिकामं कुलूप पुसलं. मग चिंधूची चिकटवलेली ओळ हातानं उडवली. "काढायचा हुकूम नका देऊ, त्याच्या वळीत घर माझंच लिवलंय, तेच जाईल." मग माणूस घालायचा हुकूम, आणि या वेळी यंत्र हूं की चूं न करता चाललं. चिंधूला नंबर मिळाला पाचशे सात. त्यानं आत जाऊन मी कोण असं विचारलं आणि उत्तर वाचून खुदकन हसला.

"काम संपलं?" साहेबांनी विचारलं. हातात कागद होता, शिपायाला हाक मारायच्या बेतात होते.

"अर्ध्या मानसांना वाचता येत नाय, साहेब," नवसी म्हणाली. "पयला कागद त्यांना ओरडून सांगितला व्हता. हा पन सांगायला पायजे. आनि शिपायानं नाय. सही तुमची हाय."

सावेसाहेबांनी तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. ती बघत राहिली, जशी कापडाकडे बघायची तशी, न पापणी लवता. मग ते उंबऱ्याशी गेले, बूट घातले आणि दोन पाळ्यांची माणसं जमली होती तिथे फळ्यापाशी उभे राहून कागद वाचू लागले. आवाज त्यांचा मुळातच मऊ, त्यात जिगरींची घरघर.

"ऐकू येत नाय, साहेब!" मागून कुणी बाई ओरडली.

साहेबांनी घसा खाकरला आणि पहिल्यापासून पुन्हा वाचलं, मोठ्यानं.